डेम्लो संख्या : देवळालीच्या शिक्षकाने नाव दिलेला सतरा अंकी वर्ग

१२३४५६७८९८७६५४३२१ ही सतरा अंकी पूर्ण संख्या म्हणजे १११११११११ या नऊ एकांनी लिहिलेल्या संख्येचा वर्ग होय. एकापासून नऊपर्यंत चढत जाणारे आणि तेथून पुन्हा एकापर्यंत उतरणारे तिचे अंक एकदा पाहिले की विसरत नाहीत. या कुळातील संख्यांचा अभ्यास नाशिकजवळच्या देवळाली येथील शाळाशिक्षक दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर यांनी केला आणि त्यांना ‘डेम्लो’ हे नाव दिले. अशी मोठी संख्या समोर आली की तिच्याविषयी दोन वेगळे प्रश्न विचारता येतात. तिचे कोणते गुण तिचे स्वतःचे आहेत आणि कोणते ती लिहिण्याच्या आपल्या पद्धतीतून आले आहेत? हा भेद गणितात मोलाचा आहेच. बँकेचा खाते क्रमांक आणि टपालाचा पिनकोड हाताळतानाही तो उपयोगी पडतो. म्हणून या लेखात प्रथम डेम्लो संख्येचे गुणधर्म पाहू आणि नंतर कापरेकरांचीच एक कसोटी पांढुर्णा, सौंसर व पणजी यांच्या पिनकोडांना लावून पाहू.

नाव आणि नाव देणारे

कापरेकरांचा जन्म १७ जानेवारी १९०५ रोजी डहाणू येथे झाला. शालेय शिक्षण ठाण्यात आणि महाविद्यालयीन शिक्षण पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात झाले. विद्यार्थिदशेतच, १९२७ मध्ये, स्वतंत्र गणिती कामासाठी दिले जाणारे रँग्लर परांजपे पारितोषिक त्यांना मिळाले. १९२९ मध्ये ते पदवीधर झाले. पदव्युत्तर शिक्षण त्यांनी घेतले नाही. १९३० पासून १९६२ पर्यंत त्यांनी देवळालीत शिक्षकाची नोकरी केली. १९८६ मध्ये त्यांचे निधन झाले.

‘डेम्लो’ हे नाव एका रेल्वे स्थानकाचे आहे. मुंबईपासून सुमारे तीस मैलांवर, तेव्हाच्या जीआयपी रेल्वेवर असलेल्या या स्थानकावर कापरेकरांना या संख्यांची कल्पना सुचली. ते स्थानक म्हणजे आजचे डोंबिवली. १९३८ मध्ये ‘मॅथेमॅटिक्स स्टुडंट’ या नियतकालिकात त्यांनी या संख्यांविषयी लिहिले. पुढे १, १२१, १२३२१, १२३४३२१ अशी वाढत जाणारी मालिका ‘वंडरफुल डेम्लो’ संख्या म्हणून ओळखली जाऊ लागली. आपली संख्या या मालिकेतील नववी होय.

वाचन आणि आकारमान

आजच्या रीतीने स्वल्पविराम दिल्यास ही संख्या १२,३४,५६,७८,९८,७६,५४,३२१ अशी लिहिली जाते. ती सुमारे १२३ कोटी कोटी इतकी भरते. सेकंदाला एक याप्रमाणे न थांबता मोजत गेल्यास मोजणी पूर्ण होण्यास सुमारे ३९ कोटी वर्षे लागतील.

लाख-कोटींच्या पुढच्या स्थानांना आपल्याकडे जुनी नावे आहेत. भास्कराचार्यांच्या ‘लीलावती’त (इ. स. ११५०) एकापासून परार्धापर्यंत अठरा स्थाने सांगितली आहेत. त्या नावांनी ही संख्या अशी वाचता येते : एक मध्य, दोन अंत्य, तीन जलधी, चार शंकू, पाच महापद्म, सहा निखर्व, सात खर्व, आठ अब्ज, नऊ अर्बुद, आठ कोटी, सात प्रयुत, सहा लक्ष, पाच अयुत, चार सहस्र, तीन शत, दोन दश आणि एक. अठरापैकी सतरा स्थाने तिने व्यापली आहेत. फक्त परार्धाचे स्थान रिकामे राहते.

अंकांचा चढ-उतार कोठून येतो

शाळेत शिकवल्या जाणाऱ्या गुणाकाराच्या मांडणीतच याचे उत्तर आहे. १११११११११ ला तिनेच गुणायचे तर तीच संख्या नऊ ओळींत, प्रत्येक वेळी एक स्थान डावीकडे सरकवून लिहावी लागते. मग उभ्या रकान्यांची बेरीज करायची. उजवीकडच्या पहिल्या रकान्यात एकच एक येतो, दुसऱ्यात दोन, तिसऱ्यात तीन. मधल्या रकान्यात नऊ एक जमतात आणि पुढे ते पुन्हा एकेकाने कमी होत जातात. कोणत्याही रकान्याची बेरीज नऊच्या वर जात नाही. म्हणजेच हातचा कोठेही घ्यावा लागत नाही आणि प्रत्येक रकान्याची बेरीज जशीच्या तशी उत्तरात उतरते. केवळ एकांनी लिहिल्या जाणाऱ्या अशा संख्यांना गणितात ‘रिप्युनिट’ म्हणतात. या मांडणीमुळेच दोन एकांचा वर्ग १२१, तीन एकांचा १२३२१ आणि नऊ एकांचा वर्ग आपली संख्या होतो.

दहावा एक जोडताच चित्र बदलते. मधल्या रकान्याची बेरीज दहा होते. तेथे शून्य मांडून एक हातचा घ्यावा लागतो. तो डावीकडच्या नवात मिळाला की तेथेही दहा होतात, पुन्हा शून्य आणि पुन्हा हातचा एक. तो आठात मिळून नऊ होतात. उत्तर येते १२३४५६७९००९८७६५४३२१. उजवीकडचा उतार शाबूत राहिला, पण डावीकडच्या चढावरचा आठ नाहीसा झाला. म्हणून चढ-उताराचा हा आकृतिबंध नऊ एकांशीच संपतो आणि १२३४५६७८९८७६५४३२१ हे त्याचे शिखर ठरते.

मूळ अवयव

या संख्येच्या स्वतःच्या गुणांची खरी ओळख तिच्या मूळ अवयवांतून होते. १११११११११ हा ९, ३७ आणि ३३३६६७ यांचा गुणाकार आहे. यांपैकी ३७ आणि ३३३६६७ या मूळ संख्या आहेत आणि ९ म्हणजे तीनाचा वर्ग. म्हणून डेम्लो संख्येत ३ हा अवयव चार वेळा, ३७ दोन वेळा आणि ३३३६६७ दोन वेळा येतो. तिला निःशेष भाग जाणाऱ्या संख्या ५ × ३ × ३ म्हणजे एकूण ४५ आहेत. विभाजकांची संख्या विषम असणे हे पूर्ण वर्गाचे लक्षण होय, कारण इतर विभाजकांच्या जोड्या लागतात आणि वर्गमूळ तेवढे स्वतःशीच जोडी जमवते.

याच अवयवांतून आणखी एक परिचित संख्या मिळते. ३७ ला ३३३६६७ ने गुणले की १२३४५६७९ येते. यात एकापासून नऊपर्यंतचे अंक क्रमाने आहेत, फक्त आठ नाही. तिला नवाने गुणले की नऊ एक मिळतात आणि त्या नऊ एकांचा वर्ग केला की हरवलेला आठ दोनदा परत येतो.

दोन तुकड्यांची बेरीज

कापरेकरांना संख्या तोडून तिच्या तुकड्यांची बेरीज पाहण्याची विशेष आवड होती. त्यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या ‘कापरेकर संख्या’ अशाच आहेत. ४५ चा वर्ग २०२५. त्याचे २० आणि २५ असे तुकडे करून मिळवले की पुन्हा ४५. २९७ चा वर्ग ८८२०९. ८८ आणि २०९ मिळून पुन्हा २९७.

हीच रीत डेम्लो संख्येला लावू. डावीकडचे आठ अंक १२३४५६७८ आणि उजवीकडचे नऊ अंक ९८७६५४३२१. दोहोंची बेरीज ९९९९९९९९९ येते. हा योगायोग नाही. १२१ मध्ये १ आणि २१ मिळून २२, १२३२१ मध्ये १२ आणि ३२१ मिळून ३३३, १२३४३२१ मध्ये १२३ आणि ४३२१ मिळून ४४४४ होतात. जितके एक घेऊन वर्ग केला, तोच अंक तितक्या वेळा बेरजेत येतो. चढत्या तुकड्यातील अंक उतरत्या तुकड्यातील अंकाला प्रत्येक स्थानी नेमका तेवढा पुरा पडतो, म्हणून असे घडते. शिवाय नऊ नवांची ही बेरीज स्वतः कापरेकर संख्या आहे. तिचा वर्ग ९९९९९९९९८००००००००१; त्याचे ९९९९९९९९८ आणि ००००००००१ मधील एक मिळवले की पुन्हा नऊ नव हाती येतात.

अंकांची बेरीज आणि हर्षद संख्या

आपल्या संख्येतील सर्व अंकांची बेरीज ८१, म्हणजे नवाचा वर्ग आहे. १२१ च्या अंकांची बेरीज ४ आणि १२३२१ च्या अंकांची ९ आहे. मालिकेतील नऊही संख्यांत हा नियम टिकतो.

स्वतःच्या अंकांच्या बेरजेने निःशेष भागल्या जाणाऱ्या संख्यांना कापरेकरांनी ‘हर्षद’, म्हणजे हर्ष देणाऱ्या, असे नाव दिले. डेम्लो संख्येला ८१ ने निःशेष भाग जातो आणि भागाकार १५२४१५७८९९७१०४१ येतो. तो वर उल्लेखिलेल्या १२३४५६७९ चा वर्ग आहे. अर्थात, अंकांची बेरीज ८१ आहे एवढ्यावरून ८१ ने भाग जाईलच असे म्हणता येत नाही. बेरजेवरून भाग ओळखण्याचा शाळेतील नियम ३ आणि ९ यांच्यापुरताच खरा आहे. १८९९ च्या अंकांची बेरीज २७ आहे, पण तिला २७ ने भागल्यास बाकी ९ उरते.

मग मालिकेतील नऊ संख्यांपैकी हर्षद किती? तपासणी सोपी आहे. जितके एक घेतले, त्या आकड्याने एकांच्या संख्येला भाग जात असेल तरच तिचा वर्ग हर्षद ठरतो. एकांनी लिहिलेली संख्या नेहमी विषम असते, म्हणून २, ४, ६ आणि ८ बाद होतात. ती एकाने संपते, म्हणून ५ बाद. सात एकांच्या संख्येला सातने भाग जात नाही. उरतात १, ३ आणि ९. म्हणजे या मालिकेत १, १२३२१ आणि आपली सतरा अंकी संख्या एवढ्या तीनच हर्षद आहेत.

लिहिण्याची पद्धत बदलली तर

आपण दशमान पद्धतीने, दहाच्या गटांनी मोजतो. अष्टमान पद्धतीत आठाच्या गटांनी मोजतात आणि ० ते ७ एवढेच अंक असतात. तेथे सात एकांच्या संख्येचा वर्ग १२३४५६७६५४३२१ असा येतो आणि चढ-उतार सातावरच थांबतो. संगणकाच्या द्विमान पद्धतीत दोन एकांचा वर्ग करतानाच हातचा येतो आणि उत्तर १००१ मिळते. म्हणजे चढ-उताराचा आकार, अंकांची बेरीज ८१ असणे, हर्षद असणे, दोन्ही बाजूंनी सारखे वाचले जाणे हे सारे दशमान लेखनाचे गुण आहेत. पूर्ण वर्ग असणे, विषम असणे, ४५ विभाजक असणे हे गुण मात्र ती कोणत्याही पद्धतीने लिहिली तरी बदलत नाहीत.

कापरेकरांच्या कामाकडे अनेक व्यावसायिक गणितज्ञ दीर्घकाळ करमणूक म्हणून पाहत राहिले, त्यामागे हाच भेद होता. त्यांच्या बहुतेक शोधांचा विषय दशमान लेखन हा होता. त्यांचे बरेच लेखन लहान नियतकालिकांत आणि स्वखर्चाने काढलेल्या पुस्तिकांत प्रसिद्ध झाले. मार्च १९७५ मध्ये मार्टिन गार्डनर यांनी ‘सायंटिफिक अमेरिकन’मधील आपल्या सदरात त्यांच्याविषयी लिहिले आणि त्यांचे नाव जगभर पोहोचले. ६१७४ हा ‘कापरेकर स्थिरांक’ आज अनेकांना ठाऊक आहे. सर्व अंक सारखे नसलेली कोणतीही चार अंकी संख्या घ्यावी, तिच्या अंकांपासून होणाऱ्या सर्वांत मोठ्या संख्येतून सर्वांत लहान संख्या वजा करावी आणि हीच कृती पुन्हा पुन्हा करावी. जास्तीत जास्त सात पायऱ्यांत ६१७४ येते. लेखनपद्धतीचे गुणही नियमबद्ध असतात आणि त्यांचीही सिद्धता देता येते, हे कापरेकरांनी दाखवून दिले.

यंत्राची मर्यादा

संख्या आणि तिचे लेखन यांतील हा भेद व्यवहारात कसा नडतो, हे पाहण्यासाठी आपली सतरा अंकी संख्या संगणकावर एक्सेलच्या चौकटीत टंकित करावी. एक्सेल पंधरा अंकांपर्यंतच अचूकता राखते. शेवटचे दोन अंक शून्य होतात आणि १२३४५६७८९८७६५४३०० एवढेच शिल्लक राहते. संगणकाच्या नेहमीच्या आकडेमोडीत ९००७१९९२५४७४०९९२ या मर्यादेपलीकडच्या विषम संख्या अचूक साठवल्या जात नाहीत. डेम्लो संख्या विषम आहे आणि त्या मर्यादेच्या पलीकडची आहे. कागदावर पेन्सिलीने मात्र ती पूर्ण लिहिता येते.

सोळा अंकी बँक खाते क्रमांकाचेही असेच होते. तो संख्या म्हणून नोंदवला तर शेवटचा अंक शून्य होतो आणि क्रमांक शून्याने सुरू होत असेल तर ते शून्य गळून पडते. लाभार्थ्यांच्या यादीत अशी एक नोंद चुकली की पैसे अडकतात. उपाय सोपा आहे : टंकित करण्यापूर्वी त्या रकान्याचे स्वरूप ‘मजकूर’ असे निवडावे. खाते क्रमांकाची बेरीज-वजाबाकी कोणी करत नाही. तो अंकांनी लिहिलेले नाव आहे आणि त्याला नावासारखेच जपावे लागते.

पिनकोडाची कसोटी

पिनकोडही असेच अंकांत लिहिलेले नाव आहे. ही पद्धत १५ ऑगस्ट १९७२ रोजी देशात सुरू झाली. तिची आखणी श्रीराम भिकाजी वेलणकर यांनी केली. केंद्रीय दळणवळण मंत्रालयातील हे अधिकारी संस्कृत कवी म्हणूनही ख्यातनाम होते. पहिला अंक विभाग, दुसरा उपविभाग, तिसरा टपाल वर्गवारीचा जिल्हा आणि शेवटचे तीन अंक टपाल कार्यालय दाखवतात. महाराष्ट्र, गोवा, मध्य प्रदेश आणि छत्तीसगड यांचे पिनकोड ४ ने सुरू होतात. गोव्याचे ४०३ ने.

पांढुर्ण्याचा पिनकोड ४८०३३४ आणि सौंसरचा ४८०१०६. नागपूरला लागून असलेल्या, मराठी भाषकांची मोठी वस्ती असलेल्या या दोन तालुक्यांचा २०२३ मध्ये छिंदवाड्यातून वेगळा पांढुर्णा जिल्हा झाला; पिनकोडांचे पहिले तीन अंक मात्र छिंदवाड्याचेच, ४८०, राहिले. दोन्ही पिनकोडांची वजाबाकी २२८ येते. या २२८ वरून दोन गावांमधील अंतर, लोकसंख्या किंवा आणखी काहीही कळत नाही. पण नाव म्हणून दिलेले अंक संख्या म्हणून वाचण्यास मनाई नाही. त्यासाठी कापरेकरांची एक कसोटी उपयोगी पडते.

कोणत्याही संख्येत तिच्या अंकांची बेरीज मिळवली की नवी संख्या जन्माला येते. जिला असा कोणीही जनक नाही, ती संख्या स्वयंभू. १, ३, ५, ७, ९, २०, ३१, ४२ या आरंभीच्या स्वयंभू संख्या होत. कापरेकरांनी त्यांना आपल्या गावावरून ‘देवळाली संख्या’ असेही म्हटले.

पांढुर्ण्याचा जनक शोधू. ४८० च्या अंकांची बेरीज १२ आहे. म्हणून शेवटचे तीन अंक आणि त्यांची बेरीज मिळून ३३४ उणे १२, म्हणजे ३२२ व्हायला हवेत. ३१४ मध्ये ३ + १ + ४ = ८ मिळवले की ३२२ होतात. म्हणून ४८०३१४ हा ४८०३३४ चा जनक ठरतो. सौंसरचा जनक ४८००८३ आहे. त्याच्या अंकांची बेरीज २३ असून ती मिळवली की ४८०१०६ येते.

आता पणजीचा ४०३००१ पाहू. सहा अंकी संख्येच्या अंकांची बेरीज ५४ पेक्षा जास्त असू शकत नाही, म्हणून जनक ४०२९४७ ते ४०३००० यांमध्येच असला पाहिजे. ४०३००० मध्ये ७ मिळवले की ४०३००७ होतात, तो बाद. बाकीच्यांचे पहिले चार अंक ४०२९ आणि त्यांची बेरीज १५. तेव्हा दशकस्थानच्या अंकाची अकरापट आणि एककस्थानच्या अंकाची दुप्पट मिळून ८६ व्हायला हवेत. दुप्पट समच असते, म्हणून दशक सम हवा. दशक ८ घेतला तर ८८ होऊन मर्यादा ओलांडली जाते; ६ घेतला तर एकक १० येतो आणि तसा अंक नाही; त्याहून लहान दशक घेतला तर एकक आणखी वाढतो. म्हणजे ४०३००१ ला जनक नाही आणि पणजीचा पिनकोड स्वयंभू आहे. देवळाली कॅम्पचा ४२२४०१ मात्र देवळाली संख्या नाही. ४२२३८१ मध्ये २० मिळवले की तो येतो.

सतरा अंकी डेम्लो संख्येलाही हीच रीत चालते. तिचे पहिले चौदा अंक १२३४५६७८९८७६५४. त्यांची बेरीज ७५. म्हणून शेवटचे तीन अंक आणि त्यांची बेरीज मिळून ३२१ उणे ७५, म्हणजे २४६ हवेत. ते २४० ने साधते. जनक १२३४५६७८९८७६५४२४० हा होय आणि त्याच्याही अंकांची बेरीज ८१ आहे.

या कसोटीसाठी कागद, पेन्सिल आणि बेरीज-वजाबाकी एवढेच पुरते. कापरेकरांकडेही याहून फारसे साधन नव्हते. आपल्या गावाचा पिनकोड स्वयंभू आहे की त्याला जनक आहे, हे वर्गातल्या फळ्यावर पाच-दहा मिनिटांत ठरवता येते. आणि जनक नसल्यास तो का नाही, हे कारणासह सांगता आले की विद्यार्थ्याची पहिली गणिती सिद्धता पूर्ण होते.